मांडवातील एस्प्रेसो : एका पेयाच्या नावाचा आणि चवीचा इतिहास

तळेगाव ढमढेरे आणि शिरूर तालुक्यातील आसपासच्या गावांत लग्नाच्या मांडवात 'एस्प्रेसो कॉफी' या नावाने जे पेय दिले जाते, ते एखाद्या इटालियन गृहस्थाच्या हाती ठेवले तर तो ते आवडीने पिईल. परंतु त्याला एस्प्रेसो म्हणणार नाही. उलटपक्षी, इटलीतील एस्प्रेसो आपल्याकडील एखाद्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यापुढे ठेवली, तर कपाच्या तळाशी असलेली ती दोन घोटांची काळी, कडू कॉफी पाहून 'बाकीची कुठे आहे?' असेच तो विचारील. नाव एक, पेये दोन.

अलीकडे या नावावरून घराघरांत एक लहानसा वाद ऐकू येतो. पुण्यात किंवा रांजणगावच्या कारखान्यांत नोकरी करणारी मुले-मुली शहरातील कॉफीच्या दुकानांत जाऊन येतात आणि मांडवातील कॉफीला हसतात. 'आजोबा, ही एस्प्रेसो नव्हेच,' असे सांगतात. आजोबा ओशाळतात. ज्या यजमानाने पदरमोड करून पाहुण्यांसाठी ते यंत्र मागविलेले असते, त्याला आपण काहीतरी खोटे वाढले असे वाटू लागते. वाद कॉफीचा असला, तरी दुखावते ते आतिथ्य. म्हणून या पेयाचा इतिहास एकदा नीट तपासून पाहावा, असे आम्हांला वाटले. खरे काय आणि खोटे काय, हे ठरविण्याआधी काय घडले ते जाणून घेणे बरे.

दंतकथा आणि दाखले

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातील. तिथून ते तांबड्या समुद्रापलीकडे येमेनमध्ये गेले. पंधराव्या शतकात तेथील सूफी साधक रात्रीच्या प्रार्थनेत जागे राहण्यासाठी कॉफी पीत असत. म्हणजे या पेयाचा प्रारंभीचा उपयोग भक्तीसाठी झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कॉफी युरोपात पोहोचली तेव्हाची एक कथा आपल्या कॅथलिक समाजात आवडीने सांगितली जाते. काही लोकांनी पोप आठवे क्लेमेंट यांच्याकडे तक्रार केली, की हे इस्लामी जगातील पेय सैतानाचे असून त्यावर बंदी घालावी. पोपमहोदयांनी कप मागविला, चव घेतली आणि इतके रुचकर पेय सैतानाच्या हाती का सोडावे, असे म्हणून त्यालाच 'बाप्तिस्मा' दिला, अशी ही कथा. आठवे क्लेमेंट १५९२ ते १६०५ या काळात पोपपदी होते, हा इतिहास आहे. कॉफीची गोष्ट मात्र त्या काळच्या विश्वसनीय कागदपत्रांवर उभी नाही. ती दंतकथा आहे. गोड असली तरी तिला दंतकथा म्हणूनच सांगावे.

आपल्या देशातील कथाही अशीच प्रिय आहे. बाबा बुदन नावाचे सूफी संत मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरावर पेरल्या, असे परंपरा सांगते. त्या डोंगरांना आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. सतराव्या शतकातील या कथेतला तपशील सिद्ध करता येत नाही. पण भारतातील कॉफीची लागवड याच डोंगरांपासून सुरू झाली, हे सर्वमान्य आहे.

कॉफीचे झाड आले ते असे. कॉफीचे पेय मात्र त्यापूर्वीच भारतात माहीत असावे. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबारी आला होता. त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी १६१६ ते १६१९ या काळात भारतात राहिला. पुढे १६५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात टेरीने नोंदविले, की धर्माचरणात कडक असलेले येथील अनेक लोक मद्याला स्पर्श करीत नाहीत. ते काळ्या बिया पाण्यात उकळून केलेले कॉफी नावाचे पेय घेतात. मद्य टाळणाऱ्यांचे पेय म्हणून कॉफीची ही नोंद आम्हांला फार बोलकी वाटते.

तांबेरा आणि रोबस्टा

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी दक्षिण भारतात आणि सिलोनमध्ये कॉफीचे मोठे मळे उभारले. सिलोनमध्ये त्याचे केंद्र होते कँडीच्या आसपासचा डोंगराळ भाग. १८६९ साली तेथे कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला. गव्हावरील तांबेरा आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही; त्याच जातीचा हा बुरशीजन्य रोग. दोन दशकांत सिलोनची कॉफी संपली आणि त्या डोंगरांवर चहा लागला. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी भारतीय धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी कँडी येथे पापल सेमिनरी स्थापिली, तेव्हा आजूबाजूचे मळे चहाचे झाले होते. हीच सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला, नगर रस्त्यावरील रामवाडीत आली. त्याच रस्त्याने पुढे शिक्रापूरपर्यंत जावे आणि वळावे, की तळेगाव ढमढेरे लागते. सेमिनरीच्या दिवसांत आमच्या दाक्षिणात्य सोबत्यांमुळे आम्हांला पितळी फिल्टरमधून थेंबथेंब उतरणाऱ्या कॉफीची ओळख झाली. ती कॉफी आणि मांडवातील कॉफी यांचे गोत्र वेगळे आहे, एवढे तेव्हाच ध्यानात आले.

तांबेऱ्याचा एक दूरगामी परिणाम झाला. रोगाला सहज बळी न पडणारी कॉफीची दुसरी जात शोधली गेली. तिचे नाव रोबस्टा. मूळची जात अरेबिका. अरेबिका उंच, थंड डोंगरावर, सावलीत वाढते. तिच्यात सुगंध आणि फळासारखा आंबूसपणा असतो. रोबस्टा सखल, उष्ण प्रदेशातही तग धरते. ती अधिक कडू, भारदस्त असते आणि तिच्यात उत्तेजक कॅफीन जवळजवळ दुप्पट असते. आज भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्या महाराष्ट्रात कॉफी पिकते ती प्रामुख्याने मेळघाटातील चिखलदऱ्याच्या थंड टेकड्यांवर, आणि तेथील कॅथलिक आश्रमाच्या मळ्यातही कॉफीची झाडे आहेत, हे आपल्या वाचकांना ऐकून आनंद वाटेल.

ट्युरिनचे यंत्र

एस्प्रेसो हे कॉफीच्या झाडाचे वा बियांचे नाव नाही. ते कॉफी करण्याच्या रीतीचे नाव आहे. इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'दाबून बाहेर काढलेले'. त्याच शब्दाला 'त्वरेने केलेले' आणि 'खास तुमच्यासाठी केलेले' अशाही छटा आहेत. आपल्याकडे पुष्कळ लोक 'एक्स्प्रेसो' म्हणतात. डेक्कन एक्स्प्रेस ज्यांना माहीत आहे त्यांनी तसे म्हणावे, यात नवल नाही. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे.

या यंत्राचा जन्म इटलीतील ट्युरिन शहरात झाला. अँजेलो मोरियोंडो या तेथील हॉटेलमालकाने १८८४ मध्ये वाफेच्या बळावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते एका वेळी पुष्कळ कॉफी करी. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा ताजा कप त्यातून मिळत नसे. ती सोय १९०१ मध्ये मिलान येथील लुइजी बेझेरा याने केली. त्याचे हक्क देसिदेरियो पावोनी याने विकत घेतले आणि १९०६ च्या मिलान येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आले. पितळेचा उभा बंब, वर घुमट, बाजूंना तोट्या आणि सुटणारी वाफ असे त्याचे रूप होते.

या जुन्या यंत्रात दाब होता सुमारे दीड वातावरण, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिट्टी होते त्याहून थोडाच अधिक. कॉफी झटपट होई, पण वाफेच्या उष्णतेने तिला करपट चव येई. आज खऱ्या एस्प्रेसोची खूण मानला जाणारा तो सोनेरी तपकिरी फेस तिच्यावर येत नसे.

तो फेस आणला मिलानच्या अकिले गाज्जा याने. त्याने १९३८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या शेवटी, लांब दांड्याचे यंत्र बाजारात आणले. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाई आणि ती सुटताना गरम पाणी आठ-नऊ वातावरणांच्या दाबाने कॉफीच्या पुडीतून रेटले जाई. मोटारीच्या चाकात जेवढा दाब असतो, त्याच्या सुमारे चौपट. एवढ्या दाबाने कॉफीतील तेले आणि भाजताना दाण्यात कोंडलेला वायू बाहेर पडून पृष्ठभागावर दाट फेस जमला. इटालियन भाषेत त्याला 'क्रेमा', म्हणजे साय, म्हणतात. १९६१ मध्ये फाएमा या कंपनीने हाताच्या दांड्याऐवजी विजेचा पंप असलेले यंत्र काढले आणि आजची एस्प्रेसो स्थिरावली.

आता वादाकडे पाहावे. १९०६ च्या प्रदर्शनात लोकांनी जी कॉफी एस्प्रेसो म्हणून प्याली, ती आजच्या कसोटीला उतरणार नाही. तिच्यात पुरेसा दाब नव्हता, फेस नव्हता. मग ती खोटी होती काय? तसे कोणी म्हणत नाही. नाव तेच राहिले आणि त्याच्या आतले पेय बदलत गेले.

चवींचा उलगडा

आज इटलीत एका कपासाठी साधारण ७ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी घेतात. तिच्यातून ८८ ते ९० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी नऊ वातावरणांच्या दाबाने जाते आणि सुमारे २५ सेकंदांत २५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे, कॉफी उतरते.

या २५ सेकंदांत चवींचा एक क्रम असतो. सर्वप्रथम उतरतो तो आंबटपणा, मग गोडवा आणि शेवटी कडवटपणा. पाणी फार लवकर निघून गेले, तर कच्च्या करवंदासारखी आंबट कॉफी मिळते. फार वेळ रेंगाळले, तर कडू आणि तुरट. दळणे जाडसर असेल तर पाणी धावते, फार बारीक असेल तर अडते. भाकरीचे पीठ कसे दळून आणावे याबद्दल आपल्या घरच्या माउली जशा काटेकोर असतात, तसाच हा प्रकार आहे.

दुसरा भेद भाजण्याचा. हलक्या भाजलेल्या दाण्यात फळाची आंबूस चव टिकते. मध्यम भाजला की गूळ आणि भाजलेले शेंगदाणे आठवतात. खूप भाजला की दाणा काळा, तेलकट होतो आणि चवीत धूर येतो. चकलीच्या भाजणीला दोन मिनिटे जास्त आच लागली तर काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरा भेद जातीचा. अरेबिका सुगंध देते, तर रोबस्टा अंग आणि जाड फेस देते. म्हणून इटलीत, विशेषतः दक्षिणेकडे, दोहोंचे मिश्रण करतात. यात भारताचा वाटा मोठा आहे. भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा खरेदीदार देश गेली अनेक वर्षे इटली हाच आहे. मंगळूरच्या किनाऱ्यावर तयार होणारी 'मॉन्सून्ड मलबार' कॉफीही तिथे जाते. तिची कहाणी अशी : शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून कॉफी युरोपला जाई, तेव्हा काही महिन्यांच्या दमट प्रवासात दाणे फुगत, पिवळट होत आणि त्यांचा आंबटपणा जाई. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर आणि आगबोटी आल्यावर प्रवास लवकर होऊ लागला. पण युरोपातील गिऱ्हाइकांना जुनीच चव हवी होती. मग किनाऱ्यावरील उघड्या गोदामांत दाणे पसरून त्यांना पावसाळी वारा देण्याची रीत पडली. आपला मॉन्सून असा परदेशी कपात जाऊन बसला आहे.

कपुचिन झगा

एस्प्रेसोच्या नात्यातील पेयांची नावे ऐकून तरुण मंडळी भारावून जातात; अर्थ मात्र साधे आहेत. 'रिस्त्रेत्तो' म्हणजे आखडलेली : पाणी कमी, चव दाट. 'लुंगो' म्हणजे लांब : पाणी जास्त, कडवटपणाही जास्त. 'दोप्पिओ' म्हणजे दुप्पट. 'माक्कियातो' म्हणजे डाग पडलेली : काळ्या कॉफीवर दुधाचा एक ठिपका. 'लात्ते' म्हणजे दूध. इटलीत कोणी नुसते 'लात्ते' मागितले तर त्याच्यापुढे दुधाचाच पेला येईल.

'कापुचिनो' हे नाव मात्र आपल्या घरचे आहे. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या परिवारातील कपुचिन संघाला पोप सातवे क्लेमेंट यांनी १५२८ मध्ये मान्यता दिली. त्या संन्याशांच्या तपकिरी झग्याला टोकदार टोपडे असते; त्याला इटालियन भाषेत 'कापुचिओ' म्हणतात आणि त्यावरून संघाचे नाव पडले. पुढे व्हिएन्ना शहरात कॉफीत दूध वा साय घातल्यावर तिचा रंग त्या झग्यासारखा दिसे, म्हणून तिला 'कापुत्सिनर' म्हणू लागले. तेच नाव इटलीत कापुचिनो झाले आणि विसाव्या शतकात वाफेने फेसाळलेल्या दुधाच्या कॉफीला चिकटले. १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्याच्या वेळी तेथे असलेले कपुचिन धर्मगुरू मार्को दाव्हियानो यांनीच ही कॉफी शोधली, असेही सांगतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००३ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले ते त्यांच्या जीवनासाठी. कॉफीच्या शोधाचा काही पुरावा नाही. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या संन्याशांच्या जाड्याभरड्या वस्त्राचे नाव आज महागड्या दुकानांच्या पाटीवर आहे, ही गंमत विचार करण्याजोगी आहे.

वेळ नदीकाठी

तळेगाव ढमढेरे या गावाला युरोपची एक जुनी ओळख आहे, ती कटू. १७५१ साली निजाम सलाबतजंग आणि त्याचा फ्रेंच सेनानी बुसी यांच्या फौजा पुण्याच्या दिशेने आल्या, तेव्हा या भागातील गावे त्यांनी लुटली. रांजणगाव आणि तळेगाव ढमढेरे यांना त्याची झळ बसली. आज त्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ट्युरिनच्या फियाट कंपनीने उभारलेला मोटारींचा कारखाना आहे. ज्या शहराने एस्प्रेसोचे यंत्र दिले, त्याच शहराच्या नावाशी आपल्या मुलांची भाकरी जोडली गेली आहे.

मांडवातील यंत्राकडे आता नव्या नजरेने पाहावे. उभा बंब, खाली गॅसची शेगडी, वर दाब दाखविणारे घड्याळ, बाजूला वाफेची नळी. बेझेरा आणि पावोनी यांच्या यंत्राशी त्याचे साम्य सहज दिसते. फरक एकच : तेथे वाफेच्या बळाने कॉफीच्या पुडीतून पाणी जाई, येथे वाफ दुधात सोडली जाते. कपात आधीच विरघळणारी कॉफीची पूड आणि साखर घोटून ठेवलेली असते. ही पूडही वेगळ्या इतिहासाची आहे. ब्राझीलमध्ये पडून राहिलेल्या कॉफीचे काय करावे या प्रश्नातून स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने संशोधन केले आणि १९३८ मध्ये नेसकॅफे बाजारात आणली. तिच्यावर वाफाळलेले दूध ओतले जाते आणि वरून चॉकलेटची चिमूट भुरभुरली जाते.

म्हणजे चवीच्या हिशेबाने आपली एस्प्रेसो ही दुधाची चव आहे. शिरूर-दौंड हा दुधाचा प्रदेश. पहाटे गोठ्यात बसून काढलेले दूध, त्याची साय, त्याचा गोडवा हे या पेयाचे मर्म आहे. पाहुण्याला दूध देणे हा आपला जुना सत्कार. वाफेच्या यंत्राने त्याला नवा आवाज आणि नवे नाव दिले. नातवाने आजोबांना फरक जरूर सांगावा, कारण फरक खरा आहे. मात्र 'खोटी' हा शब्द वापरू नये. पावोनीची कॉफी गाज्जाच्या कॉफीहून वेगळी होती, कपुचिनो व्हिएन्नात वेगळी आणि इटलीत वेगळी होती. त्याच न्यायाने तळेगावच्या मांडवातील कॉफी ही या नावाची आणखी एक शाखा आहे.

या साऱ्या वादात कॉफी पिकविणारा आणि पाजणारा माणूस मागे पडू नये, एवढेच आमचे शेवटचे मागणे. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे भारतीय कॉफीचा प्रसार करण्यासाठी कॉफी हाउस उघडले गेले आणि त्याच्या शाखा देशभर झाल्या. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करावयास घेतली, तेव्हा कामावरून काढलेल्या वाढप्यांनी आणि आचाऱ्यांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून कॉफी हाउसे स्वतः चालविली. पुढे १९९० च्या दशकात कॉफीचा बाजार खुला झाला. १९९६ मध्ये बंगळूरला कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान निघाले आणि २०१२ मध्ये मुंबईत स्टारबक्स आले. एका कपाची किंमत वाढत गेली. चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांत एकेक लाल फळ हाताने खुडणाऱ्या मजूर स्त्रीच्या वाट्याला त्यातले किती येते, हा प्रश्न खऱ्याखोट्या एस्प्रेसोच्या प्रश्नाहून मोठा आहे. आपल्या घरांतील मुलांनी कॉफीची नावे शिकावीत, चवी ओळखाव्यात आणि तो प्रश्नही विचारावा.